सात नंबरची बाटली आणि माझा गाल

तीर्थरूप मामास,

साष्टांग नमस्कार लिहायची रीत आहे म्हणून लिहितो. पण तुझी आणि माझी कोपरं कधीच सरळ होत नाहीत आणि मान पुढे वाकत नाही हे लक्षात घेता, आठांपैकी पाच-सहा अंगांचा नमस्कार पोचला असं समजून घे. इकडे मी आणि आई खुशाल आहोत. (माझ्या खुशालीत मध्यंतरी थोडा बदल झाला होता, तो पुढे येईलच. शेवटचं पान आधी वाचायची तुझी सवय आईने मला सांगून ठेवली आहे, तेव्हा कृपा कर आणि क्रमाने ये.) तुझी तब्येत कशी आहे? हा प्रश्न पत्राच्या सुरुवातीला सगळेच विचारतात आणि उत्तरासाठी कुणी थांबत नाही; मी या खेपेला थांबणार आहे. क्रेन कशी आहे? तिचीही विचारपूस करायला हवी, कारण तुझा सगळा दिवस तिच्या त्या काचेच्या खोक्यात, जमिनीपासून दीडशे फुटांवर जातो आणि उरलेला तिची शिडी चढण्या-उतरण्यात.

पत्र का, फोन का नाही, असं तू मनात म्हणशील. फोन तीन वेळा केला. पहिल्या दोन वेळी मी ‘दवाखाना’ हा शब्द उच्चारताच तुझ्याकडची रेंज गेली. तिसऱ्या वेळी मी सावधपणे ‘तपासणी’ म्हणालो, तर तू ‘लोखंड वर घ्यायचंय’ म्हणून फोन ठेवलास. रविवार होता, मामा. तेव्हा आता कागद. कागदाची रेंज जात नाही.

मी नेमकं काय काम करतो हे तुला कधी नीट सांगितलेलं नाही. आई लोकांना ‘तो कापाकापी करतो’ एवढंच सांगते, त्यामुळे आमच्या जिन्यातल्या दोन कुटुंबांनी माझ्याशी बोलणं कमी केलं आहे. मी कापतो हे खरं, पण अख्खा माणूस नव्हे. माणसाच्या अवयवाचा वाटाण्याएवढा तुकडा मेणाच्या ठोकळ्यात बसवलेला असतो. तो एका यंत्राला लावून हाताने चाक फिरवायचं की पात्यावरून मेणाची चकती सुटते. ती इतकी पातळ की अशा पंधरा-वीस एकावर एक ठेवल्या तर कुठे डोक्याच्या केसाएवढी जाडी व्हावी. ती कोमट पाण्यावर तरंगवायची, सुरकुती पडू न देता काचेच्या स्लाइडवर उचलायची, आणि या सगळ्यात शिंकायचं नाही. बारा वर्षं मी हे करतोय. बारा वर्षांत चार वेळा शिंकलो. आमच्याकडे त्याच्या तारखा लोकांना पाठ आहेत.

आता गेल्या वर्षी आमच्या मॅडमनी (म्हणजे विभागाच्या प्रमुख, बाई हुशार, बोलणं कमी, रागावल्या की आणखी कमी) एक नवीन अभ्यास सुरू केला. प्रत्येक पेशीच्या पोटात एक गोळा असतो, त्याला केंद्रक म्हणतात; शरीर कसं बांधायचं आणि कसं चालवायचं याची सगळी माहिती त्यात. त्या गोळ्याला वेष्टण असतं. मला आजवर वाटायचं, वेष्टण ते वेष्टण. मिठाईच्या डब्याला असतं तसं, आतला माल महत्त्वाचा. पण त्या वेष्टणात शेकड्यांनी निरनिराळी प्रथिनं बसवलेली असतात, आणि गंमत अशी की शरीरात सगळीकडे माहिती तीच असूनही वेष्टण तेच नसतं. यकृतातलं वेगळं, स्नायूतलं वेगळं, रक्तातलं आणखी वेगळं. कुठलं प्रथिन कुठे किती, हे मॅडमना चोवीस प्रकारच्या अवयवांत मोजायचं होतं. त्यासाठी दहा बाटल्या आल्या. एकेका बाटलीतलं औषध एकेका प्रथिनालाच जाऊन चिकटतं आणि अंधारात खास दिव्याखाली हिरवं चमकतं. बाटल्यांवरची नावं आमच्यापैकी कुणालाच एका दमात म्हणता येईनात, म्हणून आम्ही त्यांना एक ते दहा नंबर दिले.

मामा, मी तो पहिला आठवडा विसरणार नाही. स्लाइड कापून दिली की माझं काम संपतं. पुढे मायक्रोस्कोपवर बसतात त्या आमच्या दुर्बीणताई (खरं नाव वेगळं आहे, पण ते आता त्यांच्या पगारपत्रकाखेरीज कुठे वापरात नाही). मी मात्र हात धुवायचं निमित्त करून त्यांच्या अंधाऱ्या खोलीत जायचो आणि म्हणायचो, ‘ताई, एकदा बघू?’ दोन नंबरच्या बाटलीने स्नायूच्या स्लाइडवर अशा झळझळीत हिरव्या कडा उमटल्या होत्या, की कुणी लखलखत्या बांगड्या फेकल्यात असं वाटावं. यकृतात त्याच कडा जरा सौम्य. आणि मेंदूच्या पेशींत जवळपास काळोख. मला वाटलं, माझंच कापणं बिघडलं. कुणाला न सांगता मी मेंदू दोनदा परत कापला. तिसऱ्यांदा दुर्बीणताईंनी हात धरला आणि म्हणाल्या, ‘अरे, तिथे दोन नंबर कमीच असतो. ओढाताण जिथे जास्त तिथे तो जास्त. मेंदूला कोण ओढतंय?’ (आमच्या कार्यालयात मेंदूची जी ओढाताण होते ती त्यांनी हिशेबात धरली नसावी.) आणि रक्तातली एक पांढरी पेशी तर अशी की तिच्या केंद्रकाचे तीन-चार मणी ओवल्यासारखे भाग, वेष्टणात टणक मालच कमी, म्हणून ते मऊ, आणि मऊ म्हणून ती पेशी अरुंद फटींतून अंग चोरून निसटते. मी बारा वर्षं हे सगळे अवयव कापत होतो आणि त्यांच्यात एवढा फरक आहे हे मला माहीत नव्हतं. हे म्हणजे बारा वर्षं पत्रं वाटणाऱ्याला पत्रांत मजकूर असतो हे एके दिवशी कळावं, तसं.

त्या दिवसापासून माझी भूक वाढली. (खरी भूकही वाढली, पण तो विषय आईचा.) मी प्रत्येक बाटलीमागे प्रश्न विचारायला लागलो. हे प्रथिन आतड्यात का जास्त? ते कातडीत का? मॅडम एकदा मागे उभ्या राहून ऐकत होत्या. मी दचकलो. त्या म्हणाल्या, ‘विचारा. उत्तरं असती तर हा अभ्यास कशाला काढला असता?’ आणि निघून गेल्या. बाईंचं मी तोवर ऐकलेलं हे सगळ्यात लांब वाक्य.

आता बिघाडाकडे येतो.

अशा कामात दर खेपेला एक ‘साक्षीदार’ लागतो. म्हणजे अशी एक स्लाइड, जिच्यावर ते प्रथिन हमखास असणारच. ती चमकली तर समजायचं औषध ठीक, पाणी ठीक, हात ठीक, आणि मगच बाकीच्यांचं खरं मानायचं. साक्षीदार चमकला नाही तर अख्खी खेप बाद. नियम म्हणजे नियम. या कामी सर्वांत सोपी वस्तू म्हणजे धडधाकट माणसाच्या गालाच्या आतल्या बाजूच्या पेशी. मऊ ब्रश फिरवायचा, स्लाइडवर पुसायचा, झालं. धडधाकट माणूस कोण? सकाळी सगळ्यांच्या आधी येणारा, हाताशी असलेला आणि ज्याला नाही म्हणता येत नाही असा. मी रीतसर कागदावर सही केली, मॅडमनी केली, आणि माझा गाल सरकारी कामाला लागला. पहिल्या सहा बाटल्यांना माझ्या गालाने चोख साक्ष दिली. मला त्याचा अभिमानच वाटू लागला होता. दाढी करताना मी त्या बाजूने जरा जपून वस्तरा फिरवायचो.

सात नंबरच्या बाटलीला साक्षीदार फितूर झाला.

या सात नंबरच्या प्रथिनाचं नाव एमेरिन. हे पठ्ठं जवळजवळ सगळीकडे असतं. स्नायू, कातडी, यकृत, आतडं, काहीही बघ. तसं ते सगळीकडे चमकलंही. फक्त माझा गाल काळाकुट्ट. दुर्बीणताईंनी दिवा बदलला. मी परत ब्रश फिरवला. परत काळोख. खेप बाद. चोवीस अवयव पुन्हा कापणं म्हणजे किती दिवस, ते तू हिशेबात धरू नकोस, मलाच आठवलं की बोटं दुखतात.

दुसरी खेप. या वेळी मी पाण्यावर संशय घेतला आणि ते तीनदा गाळलं. काळोख. तिसऱ्या खेपेला आमच्या साठवणखोलीचे प्रमुख (गंभीर गृहस्थ, रिकाम्या खोक्यांवरसुद्धा ‘रिकामे’ अशी चिठ्ठी लावतात) म्हणाले, दोष बाटलीचा नाही, ‘तोंडाचा’ असणार. दात कशाने घासता? मी टूथपेस्ट सोडली. मग चहा सोडला. मग कॉफी. मग त्यांच्याच सल्ल्याने सकाळी मिठाच्या पाण्याच्या गुळण्या सुरू केल्या, आणि आठवडाभर मी आईशी सकाळी गुरगुरण्यापलीकडे बोललो नाही. आईला वाटलं मी रागावलोय. तिने न बोलता माझ्या आवडीचं खायला केलं, आणि मी ते तोंड खराब होईल म्हणून खाल्लं नाही, तेव्हा मात्र ती खरी रागावली. एवढं सोसूनही गाल काळाच.

चौथी खेप बाद झाली तेव्हा मॅडम माझ्या टेबलाशी आल्या आणि काहीच बोलल्या नाहीत. मी वर सांगितलंच आहे त्याचा अर्थ काय होतो. दुसऱ्या दिवशी लिफाफा आला: ‘नमुना हाताळणीत वारंवार आढळणाऱ्या त्रुटींबाबत लेखी खुलासा करावा.’ मामा, बारा वर्षांत चार शिंका सोडल्या तर माझ्या नावावर काही नाही. मी तो कागद घडी करून खिशात ठेवला आणि दिवसभर दर तासाने काढून वाचला. खुलासा काय करणार? मी सगळं बरोबर केलं होतं, आणि सगळं बरोबर करूनही चूक निघत होती. आपल्याच हातावर आपला विश्वास राहिला नाही की चाक फिरवणं कठीण होतं. त्या दिवशी मी साधं यकृत तीनदा परत कापलं.

संध्याकाळी निघताना दुर्बीणताई म्हणाल्या, ‘उद्या माझा गाल घेऊन बघ.’

एवढंच. चार खेपा आम्ही पाणी, दिवा, बाटली, दात, चहा यांच्यावर आळ घेतला, पण गाल बदलावा असं कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं. (गाल बदलता येतो हेच विसरलो होतो.) सकाळी एकाच स्लाइडवर डाव्या अर्ध्यात त्यांच्या पेशी आणि उजव्या अर्ध्यात माझ्या. एकच बाटली, एकच पाणी, एकच हात. डावीकडे हिरव्या कडाच कडा. उजवीकडे काळोख.

मी उडी मारली. खोटं नाही सांगत, उडी मारली! मी निर्दोष होतो! हात चांगला, पाणी चांगलं, बाटली चांगली, दोष होता तो फक्त माझ्यात! मी त्या अंधाऱ्या खोलीत चवड्यांवर नाचलो (मी तसाही चवड्यांवरच चालतो, म्हणून तर इथे मला बगळा म्हणतात), खिशातला लिफाफा काढून हवेत फिरवला, आणि ‘खुलासा मिळाला, खुलासा मिळाला’ असं ओरडत दारापर्यंत गेलो. तेव्हा लक्षात आलं की दुर्बीणताई हसत नाहीयेत. त्यांनी खोलीतला दिवा लावला आणि माझ्याकडे, म्हणजे माझ्या हातांकडे बघत म्हणाल्या, ‘हात सरळ कर बघू.’

‘सरळच आहे.’

‘पूर्ण सरळ.’

‘पूर्ण होत नाही. आमच्या आजोळची कोपरं आहेत ती. मामाचीही अशीच आहेत.’

‘टाच टेकवून उभा राहा.’

मी टेकवायचा प्रयत्न केला आणि मागच्या कपाटाला धरलं. ताईंनी दार उघडून मॅडमना हाक मारली. मॅडम आल्या, स्लाइड बघितली, मला बघितलं, खुर्ची पुढे ओढली आणि म्हणाल्या, ‘बसा.’ मामा, ज्या स्वरात त्यांनी ‘बसा’ म्हटलं, त्या स्वरात मला आजवर कुणी बसवलेलं नाही.

मग त्यांनी सांगितलं. हे सात नंबरचं प्रथिन जन्मापासूनच नसलेले काही लोक असतात. गंमत बघ, ते जवळजवळ सगळ्या अवयवांत असतं, म्हणजे नसलं तर सगळंच बिघडायला हवं. पण तसं होत नाही. गाल मजेत असतो. (माझा गाल चौतीस वर्षं खातोय, बोलतोय, शिट्टी वाजवतोय, त्याला काही उणं आहे असं त्याला कधी जाणवलं नाही.) यकृत मजेत. कातडी मजेत. रुसतात ते फक्त ठरावीक: कोपरं आखडतात, टाचा उचलल्या जातात, मान ताठ होते. आणि हृदय. हृदयाच्या वरच्या कप्प्यांतून खालच्या कप्प्यांना ठोक्याचा निरोप जायचा, तो वाटेत अडकायला लागतो. मी विचारलं, का? सगळीकडे नसताना नुकसान एवढ्यातच का? मॅडम म्हणाल्या, अजून नीट कुणाला माहीत नाही. कदाचित बाकी ठिकाणी त्याचं काम दुसरं कुणीतरी चालवून घेतं. कदाचित जे अवयव आयुष्यभर ओढले-ताणले जातात त्यांनाच ती उणीव पेलत नाही. मला आठवतं, त्या क्षणी मला भीती नाही वाटली. आधी वाटलं, किती सुंदर प्रश्न आहे हा. मग वाटलं, आणि तो माझ्या अंगात आहे. भीती तिसऱ्या नंबरावर आली, पण आली ती सामानसुमान घेऊन आली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मॅडम स्वतः मला हृदयाच्या डॉक्टरांकडे घेऊन गेल्या. छातीला तारा लावल्या, कागदाची पट्टी बाहेर आली. डॉक्टरांनी ती पाहिली, माझी नाडी धरली, आपलं घड्याळ कानाला लावून चालू असल्याची खात्री केली, आणि परत नाडी धरली. मिनिटाला अडतीस.

‘तुम्ही इथवर आलात कसे?’

‘चालत. बस चुकली.’

‘आणि वर, तिसऱ्या मजल्यावर?’

‘जिन्याने. लिफ्टला रांग होती.’

त्यांनी पेन खाली ठेवलं आणि मला खाटेवर आडवं केलं. म्हणाले, तुम्हाला दम लागत नाही? मी म्हणालो, लागतो, पण चौतीस वर्षांचा झालो, लागणारच. चक्कर? येते, पण मी नाश्ता करत नाही. (हल्ली तर टूथपेस्टही करत नव्हतो.) प्रत्येक गोष्टीला माझ्याकडे उत्तर तयार होतं, मामा. तुझ्याकडेही असेल. आपल्याकडे कोपरांसारखीच उत्तरंही वंशपरंपरेने येतात.

पाचव्या दिवशी माझ्या डाव्या खांद्याखाली काडेपेटीपेक्षा लहान एक यंत्र बसवलं. ठोका अडकला की ते मागून ढकलतं. भूल पूर्ण नव्हती, फक्त तेवढी जागा बधिर केली होती, त्यामुळे मी मध्येच विचारलं की तुम्ही आता नेमके कुठल्या कप्प्यात आहात. डॉक्टर म्हणाले, ‘तुम्ही कापणारे ना? मग कापणाऱ्याशी बोलू नये हे तुम्हाला माहीत हवं.’ त्यानंतर तिसऱ्या दिवशी घरी. आठवड्याने मी जिना चढलो आणि मधल्या वळणावर न थांबता वर गेलो. मला वाटलं, एखादा मजला चुकून गाळला. परत खाली जाऊन मोजत आलो. सगळे होते. मी आजवर ज्याला म्हातारपण समजत होतो ते म्हातारपण नव्हतं, एवढंच. रक्ताची तपासणी करून पक्कंही झालं आहे, आता शंका नाही. लेखी खुलाशाला मी उत्तर दिलं: ‘त्रुटी नमुन्याच्या हाताळणीत नसून नमुना देणाऱ्यात आहे.’ मॅडमनी त्यावर सही करून शेजारी ‘मान्य’ लिहिलं आणि खाली, त्यांच्या मानाने फारच सविस्तर, ‘क्षमस्व’.

मग आईची पाळी. ही गोष्ट आईकडून मुलाकडे येते. आईला बहुधा त्रास नसतो. मुलीकडे गेली तरी तिचंही सहसा तसंच. मुलाकडे गेली की मात्र धरते. आईच्या गालावर मीच ब्रश फिरवला. ती लहान मुलासारखी डोळे मिटून, तोंड उघडून बसली होती. दुर्बीणताईंनी तिला उंच स्टुलावर बसवलं आणि मायक्रोस्कोपमध्ये तिचीच स्लाइड दाखवली. मामा, तसं दृश्य मी बारा वर्षांत पाहिलं नाही. काही पेशींना झगझगीत हिरवी कडा, शेजारच्या पूर्ण विझलेल्या. इथे एक लागलेली, तिथे दोन विझलेल्या, परत तीन लागलेल्या. संध्याकाळी समोरच्या इमारतीच्या खिडक्या असतात तसं. साधारण निम्म्या-निम्म्या.

आई बराच वेळ बघत राहिली. मग म्हणाली, ‘विझलेल्यातलं तुला दिलं मी.’

मी म्हणालो, आई, तू काही दिलं नाहीस, ते नाणं उडवल्यासारखं असतं, कुणाच्या हातात नसतं. ताईही तेच म्हणाल्या. आईने ऐकून घेतलं. (आई ऐकून घेते म्हणजे मान्य करत नाही.) तिने परत डोळा लावला आणि जरा वेळाने, आपल्याशीच बोलल्यासारखं म्हणाली, ‘म्हणजे आमच्या आईचंही असंच असणार. मला लागलेल्या-विझलेल्या दोन्ही मिळाल्या. धाकट्याला काय मिळालं कोण जाणे.’

धाकटा म्हणजे तू. तेव्हा तिने मला सांगितलं की तुमच्या साइटच्या मुकादमाने तिला फोन केला होता. तू या महिन्यात दोनदा शिडीच्या अर्ध्यावर थांबून गजाला मिठी मारून उभा राहिलास, आणि विचारलं तर म्हणालास, हवा बघत होतो.

तर माझी हकिगत ही अशी आहे. अभ्यास पुढे चालू आहे. साक्षीदार म्हणून मला काढून टाकलं आहे आणि दुर्बीणताईंचा गाल कायम केला आहे, पण मॅडमनी मला दुसरी बढती दिली: चोवीस अवयवांच्या तक्त्याखाली वेगळी ओळ आहे, तीत एका माणसाचा गाल आणि सात नंबरला शून्य. ते शून्य मी आहे. एवढ्या मोठ्या तक्त्यात माझ्या वाट्याला एक घर आलं, आणि तेही मी स्वतः ब्रश फिरवून मिळवलं. आठ नंबरची बाटली कालच उघडली. ती हृदयात फार चमकते आणि यकृतात जवळपास नाही. का, ते विचारलंय. मॅडम म्हणाल्या, तुम्हीच शोधा.

काळजी करू नकोस. मी सगळं शांतपणे घेतलं. थोरांना नमस्कार आणि लहानांना आशीर्वाद लिहायचा असतो. तू एकटाच राहतोस, तेव्हा दोन्ही तूच ठेवून घे.

तुझा भाचा

ता. क. १ – शेवटचं पान आधी वाचणाऱ्यांसाठी: मामा, माझं एवढंच काम आहे. हृदयाची पट्टी काढून घे. दहा मिनिटं लागतात, दुखत नाही, कपडे फक्त वरचे काढायचे असतात. ती निघेपर्यंत शिडीला पाय लावू नकोस. मुकादमाला मी कळवलं आहे. तो म्हणाला, खाली बसून करण्यासारखं काम आहे. सोबत एक ब्रश आणि नळी आहे. गालाच्या आतून दहा वेळा फिरव. दात घासलेले असोत वा नसोत, चहा प्यालेला असो वा नसो, काही फरक पडत नाही. ते सगळं तुझ्या वाटचंही माझं करून झालं आहे.

ता. क. २ – ‘शांतपणे घेतलं’ हे वर लिहिलं ते खोटं आहे. मॅडमनी ‘बसा’ म्हटल्यावर जे प्रश्न सुचले ते खरे, पण त्यानंतर कोटांच्या खोलीत जाऊन मी सगळ्यांच्या अंगरख्यांत तोंड खुपसून रडलो, आणि दुर्बीणताईंच्या कोटाची बाही भिजली ती त्यांनी मुद्दाम तशीच घालून दिवसभर काम केलं. आणि ‘काळजी करू नकोस’ हेही खोडून टाक. कर. थोडी कर. बिनकाळजीने आपल्याला खूप वर्षं फसवलं आहे.

ता. क. ३ – हे पत्र टपालात टाकायला म्हणून आईकडे दिलं, तर तिने ते वाचलं, घडी घातली, आपल्या पिशवीत ठेवलं आणि सकाळच्या गाडीचं तिकीट काढलं. एवढं लिहायला मी ते परत मागून घेतलं आहे. म्हणजे तुझ्या हातात हे तीच देणार, आणि तू वाचून होईपर्यंत समोर बसून राहणार. आत्ताही बसली असेल. तिच्याशी वाद घालू नकोस, तिच्या पिशवीत तुझ्या नावाची वेळ घेतलेली चिठ्ठी आहे, साडेदहाची. बूट घाल आणि निघ. उत्तर लिहायची गरज नाही. दवाखान्यातून निघाल्यावर फोन कर. मी ठेवणार नाही.